ट्विंकल ट्विंकल पाठ आहे, पण ऐकलंय का कोणी?

माझी भाची चार वर्षांची. परवा सगळ्यांसमोर उभी राहून तिने ट्विंकल ट्विंकल म्हणून दाखवलं, हातांच्या ॲक्शनसकट, एकही शब्द न चुकता, शेवटी वाकून थँक्यू पण झालं. टाळ्या वाजल्या. मग मला उगाच खाज, मी विचारलं, "स्टार म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "टीचर वहीवर देतात ना मावशी, तो." बरं. आणि ट्विंकल म्हणजे? तिने दोन्ही हात वर करून बोटं मिटली-उघडली, मिटली-उघडली. "हे." म्हणजे ट्विंकल ही बोटांची एक हालचाल आहे जी वहीवरच्या स्टारसाठी करायची असते. मला हसू आलं आणि नंतर वाटलं की यात तिची काय चूक, तिला जेवढं दिलं तेवढं तिने शंभर टक्के घेतलंय. आपणच कमी दिलं.

यावरून जो वाद नेहमी होतो तो दोन टोकांचा. एका बाजूचे म्हणतात या राइम्स म्हणजे पोपटपंची, परक्या मुलखातली जुनी गाणी, मेंढ्या आणि राजाचे शिपाई आणि बादली घेऊन डोंगर चढणारी पोरं, यातून कुठे इंग्लिश येतं का, त्यापेक्षा सरळ रोजची वाक्यं शिकवा. दुसऱ्या बाजूचे म्हणतात जेवढं लवकर तेवढं चांगलं, दोन वर्षांचं मूल पन्नास राइम्स म्हणतं म्हणजे इंग्लिशचा पाया पक्का. मला दोघांचंही पटत नाही. राइम हे इंग्लिश शिकवायचं फार भारी साधन आहे, पण ते कानाचं साधन आहे, आणि आपण ते तोंडाचं करून ठेवलंय. आणि पन्नास कशाला, एकच घ्या, पण ती नीट उघडा.

आता हीच ट्विंकल घ्या. ही काही कुठल्या शिक्षणतज्ज्ञाने मुलांना इंग्लिश यावं म्हणून बनवलेली नाही. जेन टेलर नावाच्या इंग्लिश बाईंची ही कविता, नाव 'द स्टार', 1806 साली लंडनमध्ये 'राइम्स फॉर द नर्सरी' या पुस्तकात आली, ते पुस्तक तिचं आणि तिची बहीण ॲन हिचं. कवितेला पाच कडवी आहेत, आपण म्हणतो ते फक्त पहिलं. चाल तर इंग्लिश पण नाही, ती एका फ्रेंच गाण्याची, 1761 मध्ये छापलेली सापडते, मोझार्टने तिच्यावर पियानोसाठी बारा व्हेरिएशन्स लिहिली. म्हणजे शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, आणि दोघं नंतर कधीतरी एकत्र आले. हे का सांगतेय तर या जोडणीमुळेच एक गडबड झालीय आणि ती शिकवणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

इंग्लिश ही ठोक्यांची भाषा आहे. काही अक्षरांवर जोर येतो, ती लांब होतात, मधली बिचारी दबून जातात, पटकन गिळली जातात. 'लिटल' मध्ये 'लि' वर ठोका, 'टल' जवळपास गायब. मराठीत आपण असं करत नाही, आपल्याकडे प्रत्येक अक्षराला त्याचा त्याचा वाटा मिळतो. म्हणून आपलं इंग्लिश व्याकरणाने बरोबर असलं तरी ऐकणाऱ्याला कधीकधी सपाट वाटतं, सगळे शब्द एकाच उंचीवर चालतात. बोलून पाहिली तर या कवितेची ओळ ठोक्यांची मस्त ओळ आहे, ट्विं वर, ट्विं वर, लि वर, स्टार वर, चार ठोके. पण गाऊन बघा. सात अक्षरं आहेत, त्यातली पहिली सहा चालीत अगदी सारख्या लांबीची आणि शेवटचं स्टार दुप्पट. म्हणजे जे 'कल' आणि 'टल' बोलताना दबायला हवेत त्यांना चालीने पूर्ण मात्रा देऊन टाकली. ठोका थोडासा उरतो पण लांबी-आखूडपणा सगळा सपाट. मूल आधीच मराठी कानाचं, त्यात चाल पण सपाट, मग ते ट्विं-कल-ट्विं-कल असं विटा रचल्यासारखं म्हणणार नाहीतर काय.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की राइम गायची तर गाच, चालीमुळे ती डोक्यात बसते, पण नंतर ती बोलायची सुद्धा. नुसती बोलायची, ठोक्यावर टाळी, मधली अक्षरं कुजबुजल्यासारखी. कधी मोठ्याने कधी हळू, कधी रागावून कधी झोपेत असल्यासारखी. मुलांना हे जाम आवडतं कारण हा खेळ आहे, आणि त्या खेळात इंग्लिशचा ताल अंगात जातो जो पुढे मोठेपणी क्लास लावून पण पटकन येत नाही. मला तरी अजून पूर्ण आला नाही, खरं सांगायचं तर.

दुसरी गोष्ट आवाजांची. त्याच कडव्यात 'अप अबव्ह द वर्ल्ड' अशी ओळ आहे. त्यात दोन वेगळे व आहेत. 'अबव्ह' मधला व वरचे दात खालच्या ओठाला टेकवून, आणि 'वर्ल्ड' मधला ओठ गोल करून, दात कुठेच नाहीत. देवनागरीत लिहिलं की दोन्हीला एकच व, आणि आपला मराठी व या दोघांच्या मधे कुठेतरी. एकाच ओळीत दोन्ही येतात, म्हणजे आरसा समोर धरून मुलांना ओठ बघायला सांगायची आयती संधी, आधी दात मग चुंबन, आधी दात मग चुंबन, असं म्हटलं की खिदळत करतात. पण बहुतेक ठिकाणी होतं काय की शिकवणाऱ्याने स्वतः ती राइम देवनागरीत लिहून पाठ केलेली असते आणि तोच एक व पिढ्यानपिढ्या पुढे जातो. यात शिकवणाऱ्याला नावं ठेवायचा माझा हेतू नाही, तिलाही कोणी सांगितलेलं नसतं, तिला तर गॅदरिंगला वीस मुलं एका सुरात उभी करायची असतात.

तिसरी गोष्ट यमकाची, आणि इथे मात्र अभ्यासाचा आधार पण आहे. 1983 मध्ये ब्रॅडली आणि ब्रायंट या दोन ब्रिटिश संशोधकांनी दाखवलं की शब्दांतले आवाज ओळखून वेगळे करणं, कोणता शब्द यमकात बसत नाही हे सांगणं, याचा आणि नंतर वाचायला शिकण्याचा संबंध आहे. 1989 च्या त्यांच्या पुढच्या अभ्यासात 64 मुलं होती, तीन वर्षांची असताना त्यांना किती नर्सरी राइम्स येतात हे बघितलं आणि पुढची काही वर्षं त्यांच्या मागे राहिले, तर ज्यांना राइम्स जास्त येत होत्या ती आवाजांच्या खेळात आणि वाचनात पुढे निघाली. हे वाचून लोक लगेच उड्या मारतात की बघा, राइम्स पाठ करा. जरा थांबा ना. ती मुलं इंग्लिश घरातली होती. त्यांना स्टार म्हणजे काय हे राइमच्या आधीपासून माहीत होतं. त्यांच्यासाठी राइम हा ओळखीच्या शब्दांचा खेळ होता. आपल्या मुलासाठी ती अनोळखी आवाजांची माळ आहे. त्या अभ्यासाचा निष्कर्ष उचलून आहे तसा आपल्या मुलांना चिकटवणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घालण्यासारखं आहे.

मग आपल्या मुलाच्या बाबतीत यमकाचा खेळ कुठे खेळायचा? आधी मराठीत. हे ऐकून अनेक आईबाबा नाराज होतात पण 1993 साली अमेरिकेत स्पॅनिश बोलणाऱ्या पहिलीतल्या मुलांवर अभ्यास झाला होता, त्यात दिसलं की ज्यांना स्वतःच्या भाषेतले आवाज तोडता-जोडता येत होते त्यांना इंग्लिश शब्द वाचायलाही सोपं गेलं. म्हणजे आवाज ओळखायचं कौशल्य एका भाषेतून दुसरीत जातं. मराठी बडबडगीतं म्हणणारं मूल इंग्लिशच्या रांगेत मागे उभं नाहीये, उलट त्याने अर्धी तयारी केलीय. घरात 'नो मराठी' ची पाटी लावून इंग्लिश राइम्सचा रतीब घालणं हे त्यामुळे मला दुहेरी नुकसान वाटतं, एक भाषा काढून घेतली आणि दुसरी अर्थाशिवाय दिली.

आणि मराठीत तो कान तयार झाला की मग इंग्लिश यमक फार कामाला येतं, कारण इंग्लिशचं स्पेलिंग म्हणजे आनंदच आहे. स्टार आणि आर, हाय आणि स्काय. कानाला जुळतात, डोळ्याला नाही. आर च्या शेवटी एक ई बसलाय जो बोलत नाही, हाय मध्ये जी आणि एच दोघं गप्प बसलेत, स्काय मध्ये वाय आहे जो आयचं काम करतोय. कानाने आधी यमक पक्कं केलेलं मूल सहा-सात वर्षांचं झाल्यावर जेव्हा हे शब्द छापलेले बघतं तेव्हा त्याला कळतं की अच्छा, हा आवाज असा पण लिहितात. उलट ज्याने आधी स्पेलिंग घोकलं त्याला हे सगळे अपवाद वाटतात. म्हणून नर्सरीतल्या मुलाच्या हातात राइमचं वर्कशीट देऊन त्यात एस टी ए आर गिरवायला लावू नका अशी माझी हात जोडून विनंती आहे. अजून वेळ आहे.

ट्विंकलच्याच चालीवर एबीसीडीचं गाणं आहे, बॉस्टनमध्ये 1835 साली आलेलं. ते मुलं आणखी जोरात म्हणतात. त्यात मधे एल एम एन ओ पी ही पाच अक्षरं चालीत इतकी भरभर येतात की बऱ्याच मुलांना एलेमेनोपी हे एकच अक्षर वाटतं. इंग्लिश घरातल्या मुलांना सुद्धा. आणि वर ते गाणं अक्षरांची नावं शिकवतं, आवाज नाही. डब्ल्यू या नावात त्याचा स्वतःचा आवाज कुठे ऐकू येतो सांगा बरं, सुरुवातच ड ने. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता लवकर म्हणजे चांगलं या टोकाकडे येऊ. लहान मुलं भाषा स्पंजसारखी शोषतात हे वाक्य इतकं फिरतं की कोणी तपासत नाही. शोषतात, पण पाणी पाहिजे ना. दिवसभर त्या भाषेत राहणारं मूल आणि दिवसाला अर्धा तास ती ऐकणारं मूल यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बार्सिलोनामध्ये परक्या भाषेच्या वर्गातल्या मुलांचा मोठा अभ्यास झाला, काहींनी इंग्लिश आठव्या वर्षी सुरू केलं काहींनी अकराव्या, आणि तासांची संख्या सारखी ठेवून मोजलं तर उशिरा सुरू केलेले पुढे होते. मोठं मूल विचार करून शिकतं, नियम पकडतं. म्हणजे तीन वर्षांच्या पोराला पन्नास राइम्स येत नाहीत म्हणून त्याची गाडी सुटली असं काही नाही. राइम लहानपणी द्यायची ती घाई म्हणून नाही, तर त्या वयात आवाजाशी खेळायची लाज नसते म्हणून. बारा वर्षांच्या मुलाला ओठ गोल करून दाखव म्हटलं तर तो मान खाली घालेल.

व्हिडिओंबद्दल. मला माहितीय घरी काम असतं, पोर शांत बसतं, मी पण लावून दिलेत, उगाच साधूपणा नको. पण बाळं भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या पॅट्रिशिया कूल यांचा 2003 चा प्रयोग वाचल्यापासून त्याला शिक्षण म्हणणं मी सोडलंय. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन ऐकवली, बारा सेशन्स. ज्यांच्यासमोर खरा माणूस बसून खेळत-बोलत होता त्यांना त्या भाषेतला आवाजांचा फरक कळायला लागला. ज्यांना तेच व्हिडिओवर किंवा नुसतं ऑडिओवर दिलं त्यांना काहीच नाही. ती बाळं होती, चार वर्षांचं मूल वेगळं, हे मान्य. तरी साधी गोष्ट बघा ना, स्क्रीनवर तारे नाचतायत, घुबड उडतंय, रंग बदलतायत, मूल बघतंय. ऐकतंय कोण? आणि व्हिडिओ थांबून विचारत नाही की तुला काय वाटतं, तारा कोण असेल.

हा प्रश्नच तर त्या कवितेचा जीव आहे. 'हाउ आय वंडर व्हॉट यू आर.' एक मूल वर बघतंय आणि त्याला नवल वाटतंय की तू आहेस तरी कोण. सगळं कडवं त्या एका वंडरवर उभं आहे आणि तोच शब्द कोणी सांगत नाही. स्टार सांगतात, स्काय सांगतात, डायमंड सांगतात कारण त्यांचं चित्र काढता येतं. वंडरचं चित्र कसं काढणार. त्यासाठी दोन मिनिटं मराठीत बोलावं लागतं, की तुला कधी असं वाटतं का गं, की हे काय असेल बाई? मुलांकडे अशा प्रश्नांचा साठा असतो. ढग कुठे जातात, मुंगी झोपते का. मग त्याला सांगायचं की हे जे तुझ्या डोक्यात होतं ना, त्याला वंडर म्हणतात. हे काम इंग्लिशमध्ये इंग्लिश समजावून होणार नाही, तिथे मायबोलीच लागते. ज्या वर्गात मराठी शब्द काढला की दंड असतो तिथे वंडर शिकवताच येत नाही, फक्त पाठ करून घेता येतो.

अजून एक गंमत. या ओळीत शब्दांचा क्रम बघा. व्हॉट यू आर. व्हॉट आर यू नाही. इंग्लिशमध्ये प्रश्न वाक्याच्या पोटात गेला की क्रम सरळ होतो. आपल्यापैकी कितीतरी जण, चांगले शिकलेले, ऑफिसात मेल लिहिणारे, 'आय डोन्ट नो व्हॉट आर यू सेइंग' असं बोलतात. आणि हेच सगळे लहानपणी हजार वेळा बरोबर क्रमाने हे गाणं म्हणून आलेत! नियम घशात होता, मेंदूपर्यंत पोचलाच नाही. कारण ते वाक्य कधी वाक्य म्हणून वापरलं नाही. तेच जर राइम संपल्यावर खेळ म्हणून केलं असतं, पिशवीत काहीतरी लपवायचं आणि सगळ्यांनी म्हणायचं 'आय वंडर व्हॉट इट इज', दारावर टकटक झाली की 'आय वंडर हू इट इज', तर व्याकरणाचं नाव न काढता ती रचना जिभेवर बसली असती. राइममधून एक वाक्य बाहेर काढून घरात फिरवायचं, एवढंच. पोपटपंची म्हणून हसणाऱ्यांना माझं हे उत्तर आहे की दोष राइमचा नाही. चावी दिलीय, कुलूप पण समोर आहे, आपण चावी नुसती खुळखुळवत बसलोय.

परकेपणाच्या आक्षेपाला मी फार किंमत देत नाही. जॅक अँड जिल मधली पेल म्हणजे बादली आज इंग्लिश बोलणारी मुलं सुद्धा रोज म्हणत नसतील, आणि दुसऱ्या एका राइममधली मिस मफेट ज्या टफेटवर बसते ते नक्की काय असतं यावर मोठ्यांचंही एकमत नाही. मुलांना अर्थहीन आवाजांचं वावडं नसतंच. फक्त असे शब्द इंग्लिश येतं याचा पुरावा म्हणून मोजू नका. टफेट पाठ असणं ही काही भाषा नाही. मला विचाराल तर सुरुवातीला अशी राइम निवडावी जिच्यातले अर्धे शब्द हाताने दाखवता येतात आणि एखादं वाक्य उद्या घरात वापरता येतं. त्या हिशोबाने ट्विंकल उगाच प्रसिद्ध नाही.

आणि ती पुढची कडवी. तिसऱ्या कडव्यात एक वाटसरू आहे, अंधारात चाललाय, आणि तो ताऱ्याला थँक्यू म्हणतो कारण तू चमकली नसतीस तर मला वाटच दिसली नसती. मुलांना ते इंग्लिश जड जाईल, पण गोष्ट मराठीत सांगा ना. त्या एका वाटसरूमुळे तारा वहीवरून आकाशात जातो.

मी तेच केलं. भाचीला काही नवीन शिकवलं नाही, तीच राइम, आठवडाभर. एक दिवस फक्त टाळ्या. एक दिवस ओठांचा खेळ. एक दिवस वाटसरूची गोष्ट, तिने मधेच विचारलं त्याच्याकडे टॉर्च नव्हता का. मग आय वंडरचा खेळ, ज्यात तिने माझी पर्स तीन वेळा रिकामी केली. तिच्या आईला वाटत होतं की आठवड्यात चार नवीन पोएम झाल्या असत्या. झाल्या असत्या.

शेवटच्या दिवशी रात्री गच्चीत गेलो. ती बराच वेळ मान वर करून बघत होती, बोटं मिटणं-उघडणं नाही, गाणं पण नाही. मग एका मोठ्या ठिपक्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मावशी, हा स्टार नो ट्विंकल." मी बघितलं. बाकीचे सगळे लुकलुकत होते आणि तो एकटा स्थिर होता, कारण तो तारा नव्हताच, गुरू होता. ग्रह ताऱ्यांसारखे लुकलुकत नाहीत. मी तिला काही सांगायच्या आत ती स्वतःशीच म्हणाली, "आय वंडर व्हॉट इट इज."